साकवाखालच्या दोन लाथा

मी नऊ वर्षांची असताना एका मुलीचा हात मोडला. खेळताना पडून मोडला असं नाही, मी मोडला. ती माझी मैत्रीण होती. त्या सुमारास मला दुसरी कुणी मैत्रीण उरलीही नव्हती.

आमची वाडी पोलादपूरहून उमरठकडे जाताना वरच्या उतारावर आहे. पंधरा-सोळा घरं, मागे डोंगर, पुढे नाचणीचे तुकडे. शाळा खालच्या गावात. उतरायला अर्धा तास, चढायला पाऊण. वाटेत एक पऱ्या लागतो. पावसाळ्यात तो गढूळ पाण्यानं भरून वाहतो आणि दिवाळीनंतर त्यात नुसते दगड उरतात. त्याच्यावर एक साकव आहे, माणूसभर उंचीवर, कठडा एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचा कठडा कधी होता की नव्हता ते मला माहीत नाही.

वाडीतून आमच्या वर्गात आम्ही दोघीच. तिचं घर वरच्या अंगाला, आमचं वाटेवर. म्हणून रोज सकाळी ती उतरून यायची, आमच्या अंगणात उभी राहून हाक मारायची आणि मग आम्ही निघायचो. मी बोलायची, ती ऐकायची. ती फार कमी बोलायची, पण एकदा पाहिलेलं विसरायची नाही. कुणाच्या गाईच्या कोणत्या शिंगाला टवका गेलाय, कुणाच्या पायरीचा कितवा दगड हलतो, सगळं तिला ठाऊक असायचं.

दोघींचे वडील मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. येताना बिस्किटांचे पुडे, फ्रॉक, एखादी बॅटरी. आठ-दहा दिवस राहायचे आणि जायचे. बाबा म्हणजे वर्षातून दोनदा येणारा एक चांगला माणूस, अशीच माझी समजूत होती. त्या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. आठ दिवसांत कशाला कुणाचा आवाज चढेल!

मी तिसरीत असताना बाबांची कंपनी दुसरीकडे गेली आणि बाबा कायमचे घरी आले. सोबत एक ट्रंक, एक टेबलफॅन आणि भिंतीवर लावायचं घड्याळ. पहिले काही दिवस शिमग्यासारखे गेले. मग ते ओटीवर बसू लागले. हातात मोबाईल, रेंज येते का बघत इकडून तिकडे. शेतात गेले की वाडीतली माणसं त्यांच्या नांगर धरण्याला हसायची, वाईट हेतूनं नव्हे, सहजच. ते हसणं घेऊन बाबा घरी यायचे.

पहिला फटका गाईवरून बसला. बाबा म्हणाले, गाय काढून टाकायची. आई म्हणाली, "धा वर्सं गुरं मी बघतेय. तुमाला त्यातलं काय कळतंय?"

तिनं हे चिडून म्हटलं नव्हतं. चहा देता देता म्हटलं होतं. बाबांच्या हातात कप होता, तो हात तसाच कपासकट तिच्या तोंडावर आला. कान तुटला, कपाचा म्हणतेय मी, आणि त्याच्या तुटक्या कडेनं आईच्या भुवईवर चीर पडली. चहा तिच्या मानेवरून खाली ओघळला.

"आवाज नको," बाबा म्हणाले. "खाली-पिली दिमाग खराब करू नको."

खरं तर कुणी आवाज केलाच नव्हता. आईनं पदरानं भुवई दाबली आणि खाली बसून कपाचे तुकडे वेचायला लागली, कारण माझा भाऊ तीन वर्षांचा होता आणि घरभर अनवाणी फिरायचा. मी दारात उभी होते. मला आठवतंय, मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो आईचा आला. कशाला बोललीस, असं वाटलं.

त्यानंतर ते नेहमीचं झालं. रोज नाही, पण कधी होईल ते सांगता यायचं नाही, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. मग मी ते सांगता येण्याच्या मागे लागले. बाबा बाहेरून आले की चपला कशा काढतात ते मी ऐकायची. दोन्ही पटकन सुटल्या तर ठीक. एक सुटली आणि दुसरीला वेळ लागला तर मी भावाला घेऊन परसात जायची. बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर यायचा. अभ्यासात मी फारशी हुशार नव्हते. पण या एका गोष्टीत माझ्याइतकं हुशार वाडीत कुणी नसेल.

शाळेत मात्र मी वेगळी झाले. आम्ही मधल्या सुट्टीत आबाधुबी खेळायचो. रबरी चेंडू पाठीत हाणायचा, एवढाच खेळ. पूर्वी मी पळणाऱ्यांत असायची. आता मी चेंडू सोडायचीच नाही. तो पाण्याच्या टाकीत बुडवून जड करायची आणि मग जवळून मारायची, कानाच्या मागे, मांडीच्या मागच्या बाजूला, जिथे वळ उठतो तिथे. समोरच्याचा चेहरा वाकडा झाला की पोटात काहीतरी सैल व्हायचं, बरं वाटायचं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. बरं वाटायचं.

चेंडूवरून हातावर आले. एकीच्या वेण्या धरून तिचं डोकं फळ्यावर आपटलं. एकाच्या तळहातात पेन्सिल खुपसली, तिचं टोक आत राहिलं. बाई पूर्वी फोक ठेवायच्या, पण शाळेत मारायला बंदी आली तसा त्यांनी तो कपाटावर टाकला होता. त्या मला ऑफिसात उभं करायच्या, विचारायच्या, "घरी काही झालं का?" मी म्हणायची, "नाय." घरी काही होतं हे सांगायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीपर्यंत वर्गातल्या मुलींनी मला खेळात घेणं बंद केलं. मैत्रीण तेवढी राहिली. तिलाही मी सोडलं नव्हतं. चालता चालता तिच्या दंडाला चिमटा काढून पिरगळायची आणि ती ओरडते का बघायची. ती ओरडायची नाही. म्हणायची, "झालं? चल आता."

मग तो दिवस. चौथीत होतो आम्ही, थंडी पडायला लागली होती, पऱ्या आटला होता. सकाळी मला बाबांच्या चपला ऐकायला मिळाल्या नाहीत, कारण ते घरातच होते. कशावरून सुरू झालं ते आठवत नाही. बाबांनी आईचे केस मुठीत धरले आणि तिला मागच्या दारानं परसात ओढत नेलं. आई एका हातानं चौकट धरायला बघत होती. तिच्या बांगड्या चौकटीवर आपटून फुटल्या. मी दप्तर पाठीला लावून मधल्या घरात उभी होते आणि पुढच्या दाराकडे पाहिलं तर अंगणात मैत्रीण. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच होतं. दोन्ही दारं उघडी. सरळ आरपार दिसत होतं.

आम्ही निघालो. शाळेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही. मला वाटलं, ही आता सांगणार. कुणाला, कधी, ते कळत नव्हतं, पण सांगणार. ही पाहिलेलं विसरत नाही.

मधल्या सुट्टीत मी आपणहून खेळात घुसले, चेंडू घेतला आणि तिच्याच मानेवर मारला. ओला चेंडू. ती खाली बसली. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तुझा बाबा तुझ्या आयेला केसांना धरून फरफटत नेतो. मी बघितलंय आज. तू पन तशीच हायस."

शाळेच्या अंगणातली सगळी पोरं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं.

मी तिला तिथे काही केलं नाही. दिवसभर वर्गात बसून राहिले. शाळा सुटली, आम्ही वाटेला लागलो, ती पुढे, मी मागे. तिलाही कळलं असावं, कारण ती भराभर चालत होती. साकवाच्या मधोमध मी तिला गाठलं आणि जिथे कठडा नाही त्या बाजूला दोन्ही हातांनी ढकललं.

ती उजव्या हातावर पडली. काटकी मोडते तसा आवाज आला, पण ओला. मी वरून पाहिलं. तिचा हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. ती ओरडली नाही, तोंड उघडून नुसती श्वास घेत होती.

सगळ्यांना एवढंच माहीत होतं, आणि आजही वाडीत एवढंच सांगतात, की मी तिला ढकललं. पुढचं असं: मी साकवाच्या कडेनं खाली उतरले. मदतीला नाही. तिच्याजवळ गेले आणि त्याच हातावर लाथ मारली. मग आणखी एक. दुसऱ्या लाथेला तिच्या घशातून आवाज निघाला. मी वाकून म्हटलं, "आवाज नको."

मग मी पळाले. वाटेत गुरं घेऊन येणारी एक बाई भेटली, तिला म्हटलं, "ती पडली."

तिला त्याच संध्याकाळी जीपनं महाडला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लास्टर घालून आणलं आणि तिची आई थेट आमच्या घरी आली. अंगावर प्रवासाची साडी तशीच, पायांत धूळ. बाबा ओटीवर होते. त्यांना तोवर काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "तुमच्या पोरीनं माझ्या पोरीला साकवावरनं ढकलली. कोपर मोडलं. डॉक्टर बोलला, सरळ व्हईल का नाय, सांगता येत नाय."

बाबांनी मला हाक मारली. मी आले. पडवीत दोरी अडकवलेली असायची, गुरांची, ती त्यांनी ओढून काढली, दुमडली आणि मारायला लागले. आधी पायांवर. मी खाली बसले तशी पाठीवर, मग हात वर केले तर हातांवर. मला मोजता येत होतं तोवर मी मोजत होते, मग नाही. ओटीवरच्या सारवणात माझी नखं घुसली होती. बाबा मारता मारता मैत्रिणीच्या आईकडे बघत होते. जणू विचारत होते, पुरे का?

ती पुढे आली आणि तिनं दोरीच धरली. दोरी तिच्या मनगटावर बसली, पण तिनं सोडली नाही.

"मी मारायला सांगाया नाय आले," ती म्हणाली. "दवाखान्यातनं हितं आले ती हे बघायला? माझ्या पोरीचं हाड जुळणार हाय काय त्यानं?"

"माझी पोरगी आहे. तू मध्ये पडू नको."

"सोडा दोरी."

बाबांनी तिला ढकलून बाजूला सारलं. ती जोत्याला आपटली. आणि मग आई आतून आली. तिच्या हातात चुलीतलं कोलीत होतं, टोकाला लाल, वर धूर. आई माझ्या आणि बाबांच्या मध्ये उभी राहिली. बाबा हसले, एवढंच मला स्पष्ट आठवतं, ते हसले आणि त्यांनी दोरीचा हात उचलला. आईनं कोलीत त्यांच्या हातावर टेकवलं. मारलं नाही, टेकवलं आणि दाबलं. चरचर झालं. केस जळल्याचा वास आला आणि त्याच्यामागून दुसरा, ज्याला मला नाव देता येत नाही.

बाबा ओरडले. दोरी पडली. ते ओटीच्या कडेला बसले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले. आई कोलीत घेऊन तशीच उभी. मैत्रिणीची आई जोत्याला धरून उठली, मला उचललं आणि आत नेऊन पाणी पाजलं. ज्या पोरीनं आपल्या पोरीचा हात मोडला तिला. पाणी माझ्या गळ्यावर सांडत होतं.

बाबा सुधारले, असं मी लिहिणार नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी आईला पुन्हा मारलं, पट्टी बांधलेल्या हातानं. पण मला पुन्हा कधी हात लावला नाही.

आठ दिवसांनी मी शाळेत गेले. बाईंनी मला जवळ बोलावलं. त्या बराच वेळ कपाटाकडे बघत होत्या, वर फोक होता तिकडे. मग म्हणाल्या, "तिचा हात बरा होईपर्यंत तिचं दप्तर तू वाहायचंस. सकाळी तिच्या घरी जायचं, संध्याकाळी घरी सोडायचं. तिला लिहिता येणार नाही, तिचं लिखाणही तूच करायचंस. कळलं?"

मला हसू आलं. ही काय शिक्षा!

पहिल्या दिवशी मी चढून तिच्या दारात गेले. ती गळ्यात हात अडकवून उभी होती. प्लास्टर तिच्यापेक्षा मोठं वाटत होतं. दप्तर माझ्यापुढे पायानं सरकवलं. वाटेत साकव आला तेव्हा मी थांबले, तिनं पुढे व्हावं म्हणून. ती म्हणाली, "तू पुढं चाल. आनि कडेनं. कठडा नाय त्या कडेनं."

मी तशी चालले. पाठीत धक्का बसेल म्हणून माझी मान आखडली होती. धक्का बसला नाही. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, "दोन लाथा मी कुनाला सांगितल्या नायत अजून. सांगू?"

तेव्हा मला कळलं, ही शिक्षा बाईंच्या हातात नाही, हिच्या हातात आहे.

तिनं ती पुरेपूर वापरली. दप्तरात पऱ्यातले दगड भरून मला चढवायला लावले. माझ्या डब्यातली भाकरी काढून कुत्र्याला घातली आणि मला बघत बसवलं. डाव्या हातानं माझ्या दंडाला चिमटे काढले, मी काढायची तसेच, पिरगळून. एकदा करवंदीच्या जाळीत तिची चप्पल भिरकावली आणि म्हणाली, आण. मी हात घातला. काटे मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडत गेले. चप्पल आणून तिच्या पायापुढे ठेवली. तिनं माझं रक्त बघितलं, जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "दुखतं?"

"हो."

"माझं लय दुखलं."

मी कधी उलटून मारलं नाही. भलेपणानं नव्हे, भीतीनं. "सांगू?" एवढा एक शब्द तिला पुरायचा. पण रोज दोन वेळा तिच्याबरोबर, तिच्या वेगानं चालताना माझं तिच्याकडे बारीक लक्ष जायला लागलं. उतारावर ती हात छातीशी धरते. खोकला आला की डोळे मिटते. खाज सुटली की प्लास्टरच्या आत झाडूची काडी घालते आणि मग काडीकडे बघते, त्यावर काही आलंय का म्हणून. मी आजवर फक्त बाबांच्या चपलांकडे असं लक्ष दिलं होतं.

एकदा बाईंनी निबंध दिला, माझे बाबा. ती सांगायची, मी आधी तिच्या वहीत लिहायची आणि मग माझ्या. तिच्या पडवीत बसलो होतो. तिनं सांगितलं, "माझे बाबा मुंबईला असतात. ते गणपतीला येतात. येताना मला फ्रॉक आणतात. ते मला खांद्यावर बसवून जत्रेला नेतात." मी तिच्या वहीत लिहिलं. मग माझी वही उघडली आणि त्यातही तेच लिहिलं. अक्षर न् अक्षर.

ती वाकून बघत होती. "तुझे बाबा तर हितंच हायत."

मी म्हटलं, "तेव्हाचे लिहिलेत."

त्या संध्याकाळी तिनं "सांगू?" म्हटलं नाही आणि दुसऱ्या दिवशी दप्तरात दगडही नव्हते. तिसऱ्या दिवशी होते.

महिना होऊन गेला असेल. एका रविवारी मी विहिरीवरून आले तर परसात माझा भाऊ करडाला मारत होता. करडू दाव्याला बांधलेलं, पंधरा दिवसांचं, त्याला कुठे जाता येत नव्हतं. भाऊ काठी दोन्ही हातांनी धरून त्याच्या पायांवर मारत होता. करडू ओरडलं की म्हणायचा, "आवाज नको." परत मारायचा. चार वर्षांचं पोर. त्याला बोबडं बोलता यायचं, पण हे दोन शब्द स्पष्ट येत होते.

मी हंडा टाकला, त्याच्या हातातली काठी ओढून घेतली आणि त्याच्यावरच उगारली. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं पुढे काढून, आणि मटकन खाली बसला. जराही वेळ न लावता. माझं मारणंही त्याच्या सवयीचं होतं.

काठी माझ्या हातात होती. खाली आणायची का ठेवायची, ते मला ठरवता येईना. हात दुखायला लागला तेव्हा मी ती गोठ्याच्या पलीकडे फेकली. करडाचा एक पाय सुजला होता. मी भावाला म्हटलं, "याला पाणी आण." तो वाटीनं पाणी आणून देत बसला आणि मी तिथेच बसून रडले, कप फुटला त्या दिवसापासूनचं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर घ्यायला गेले तेव्हा मैत्रिणीची आई अंगण झाडत होती. मैत्रीण दारात बसून होती. मी म्हटलं, "काकी, मी हिला नुसतं ढकललं नाय. खाली जाऊन लाथा मारल्या. मोडलेल्या हातावर. दोन."

झाडू थांबला. तिनं मुलीकडे पाहिलं. "खरं?"

मैत्रिणीनं मान खाली घातली, ते पुरलं. काकीनं झाडू टाकला, माझ्याजवळ आली आणि माझ्या गालावर एक थोबाडीत दिली. बाबांच्या दोरीनं नव्हतं लागलं तेवढं ते लागलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. कानात घंटा वाजत राहिली. मी पडले नाही. ती माझ्यासमोर उभी होती, तिचा हात अजून वर होता आणि तिला धाप लागली होती. मी डोकं झाकलं नाही. दुसरी येईल म्हणून वाट बघत होते.

दुसरी आली नाही. तिनं हात खाली घेतला, पदरात पुसला. म्हणाली, "आता का सांगितलंस? कुनी इचारलं होतं?"

"नाय."

"मग?"

मी म्हटलं, "काल आमच्या भावानं करडाला मारलं."

तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे. "जा, शाळेला उशीर व्हईल," म्हणाली आणि झाडू उचलला.

वाटेत मी मैत्रिणीला म्हटलं, "आता तुला सांगायला काय नाय उरलं." मला वाटलं होतं, तिलाही मोकळं वाटेल. ती थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू कशाला सांगितलंस?" ती किंचाळली. "माझं होतं ते! मला लागलं होतं. सांगायचं का नाय ते मी ठरवनार होते!"

तिनं प्लास्टरचा हात उचलला आणि माझ्या छातीवर मारला. स्वतःलाच इतकं दुखलं की ती वाटेतच खाली बसली आणि हुंदके देत रडली. मी शेजारी उभी राहिले. तिला हात लावावा की नाही, कळेना. शेवटी मी दप्तरं खाली ठेवून तिच्याजवळ बसले. शाळेची घंटा झाली ती आम्ही तिथूनच ऐकली.

प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक झाला होता, पांढराफटक, कोपरात वाकलेला. तो पुरता सरळ कधीच झाला नाही. तिनं बाईंना सांगून माझं दप्तर वाहणं बंद केलं आणि चौथी संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी कुणाला मारत नव्हते, पण म्हणून कुणी लगेच माझ्याशी खेळायला आलं असं झालं नाही. पेन्सिल खुपसलेला तो मुलगा वर्ष संपेस्तोवर माझ्या जवळून जाताना मूठ मिटून घ्यायचा. मधल्या सुट्टीत मी टाकीपाशी बसून राहायची.

त्या उन्हाळ्यात आई आम्हा दोघांना घेऊन नाते गावी मामाकडे गेली. पावसाळाभर तिथेच राहिलो. बाबा दोनदा आले, मामानं त्यांना अंगणातूनच परतवून लावलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांना महाडच्या कारखान्यात वॉचमनचं काम लागलं होतं. आई त्यांच्याशी उंबऱ्यात उभी राहून बोलली, आम्हाला ऐकू जाईल अशी. "हात उचललात तर परत येनार नाय. ह्या बारीला कोलीत नाय, पोलीस." बाबा खाली बघत होते. त्यांच्या हातावरचा डाग तेव्हा गुलाबी होता. आम्ही वाडीत परतलो. त्यांनी नंतर हात उचलला नाही. माफीही मागितली नाही. मी त्यांच्याशी आजही कामापुरतं बोलते, आणि त्यांच्या चपला अजून ऐकते.

सहावीपासून आम्ही पोलादपूरच्या शाळेत जायला लागलो, एसटीनं. मैत्रीण आणि मी एकाच वर्गात आलो. बोलायला लागलो होतो, पण जपून, पाहुण्यांसारखं. मी तिला काही म्हणायची नाही, ती मला काही म्हणायची नाही. मला वाटायचं, आपलं हे असंच राहणार, तिचं कोपर जसं राहिलं तसं.

एका संध्याकाळी मी स्टँडवर धावत जाऊन एसटीत दोघींसाठी जागा धरली. दप्तर ठेवून, दोघातिघांशी हुज्जत घालून. ती आली आणि सरळ पुढे जाऊन दुसऱ्या एका मुलीशेजारी बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या कानांत ती जुनी गरमी चढली. मुठी वळल्या. मी उठले, तिच्या बाकापाशी गेले आणि दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, हात कुठेतरी गुंतलेले असावेत म्हणून.

"मी तुझ्यासाठी जागा धरली होती," मी म्हटलं.

"मी सांगितलं होतं धरायला?"

"रोज धरते!"

"रोज धरतेस म्हनून मी रोज तुझ्याशेजारीच बसायचं?"

"मग काल तूच का म्हनालीस, जागा धर?"

"कालचं काल!"

शेजारची मुलगी खिडकीकडे सरकली. आम्ही दोघी उभ्या राहून भांडायला लागलो. तिनं माझ्या वहीवर शाई सांडली होती ते निघालं, मी तिची कंपास न विचारता घेतली ते निघालं, नाकात बोलते, खोटं हसते, सगळं निघालं. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा झाला. तिला असा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आणि ती माझ्यापासून एक पाऊलही मागे सरत नव्हती. वाकडा हात हलवून हलवून, माझ्या नाकापुढे बोट नाचवत भांडत होती.

कंडक्टर आला. "ए पोरींनो, गप बसता का उतरवू हितंच?"

"उतरवा!" ती म्हणाली.

त्यानं खरंच घंटी मारली. आमच्या फाट्याच्या बरंच अलीकडे आम्ही उतरलो. गाडी धूळ उडवत गेली. तीन किलोमीटर चाल होती. आम्ही चालायला लागलो, आणि ती म्हणाली, "आनि दुसरं म्हंजे," आणि भांडण पुढे सुरू झालं.